शिवलकरांची अकरा पानं

माझी नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत घरी आली की तिच्या फोनवर जपानी कार्टून चाललेलं असतं. "कार्टून नाही आजोबा, ॲनिमे," असं ती दर वेळी मला सुधारते. गेल्या दिवाळीत ती मैत्रिणीशी फोनवर तावातावाने बोलत होती. "मूळ मांगात ती बाई एक शब्द बोलत नाही गं. नुसती उभी राहते. यांनी तिच्या तोंडी एवढं मोठं भाषण घातलंय. वाट लावली पार!"

मी पलीकडे वर्तमानपत्र वाचत होतो. पुढे काही वाचवेना. अगदी असंच बोलणं मी चाळीसएक वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी जयगडला ऐकलं होतं. बोलणारा माणूस मॅट्रिकला दोनदा नापास झालेला. जपानीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. मांगा आणि ॲनिमे हे शब्द तर आम्हा कोणाच्याच कानावर आलेले नव्हते. त्या चित्रपुस्तकांना आम्ही जपानी चोपड्या म्हणायचो. त्या माणसाचं नाव दत्ताराम शिवलकर. त्यांच्याविषयी मी फार पूर्वीच लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही, तेही यात येईल.

शिवलकर रत्नागिरीला एका सरकारी बांधकाम ऑफिसात ट्रेसर होते. हे काम आता उरलं नाही, म्हणून सांगतो. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर पारदर्शक कागद पसरून ट्रेसरने तो शाईने जसाच्या तसा उतरवायचा. मग त्यावरून प्रती निघायच्या. किती मोऱ्या, किती साकव, किती शाळांच्या खोल्या शिवलकरांच्या हाताखालून गेल्या असतील, आणि त्यातल्या एकाही नकाशावर त्यांची स्वतःची म्हणावी अशी रेघ नव्हती. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. "आपला हात म्हणजे पाट," म्हणायचे. "वरनं येईल ते खाली सोडायचं. मध्येच आपण प्यायचं नाय."

अंगाने किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा कायमचा डाग. कुठल्याही पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि मग ते पुसायला रुमाल न वापरता वाऱ्यावर हलवत उभे राहायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी पत्नी सुधा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर हे आपले दोन्ही हात हवेत धरून उभे. तिला वाटलं पाहुण्यांना काहीतरी झालंय. "काय नाय वहिनी, सुकतायत," ते म्हणाले. सुधा कितीतरी दिवस त्यावर हसत होती. पुढे शनिवारी मी वाचक मंडळाच्या बैठकीला निघालो की ती विचारायची, "शिवलकर येणारेत ना आज?" मी तर तिथे असणारच. माझ्याबद्दल विचारायचं काही कारण नव्हतं, पण मला ते टोचायचं.

जपानी चोपड्या त्यांच्याकडे आल्या अब्बासभाईंमुळे. अब्बासभाई जयगडचे, मालवाहू बोटीवर खलाशी. एकदा घराच्या वाढीव खोल्यांचा नकाशा करून घ्यायला ते ऑफिसात आले आणि शिवलकरांचं काम बघत दोन तास तिथेच बसले. पुढच्या सफरीहून येताना त्यांनी बोटीवरच्या जपानी लोकांनी वाचून टाकलेली जाडजूड चित्रपुस्तकं आणली. "तुला रेघांचा नाद हाय, घे," म्हणाले, "ते लोक वाचून झाली की दर्यात टाकतात." हे साधारण एकोणीसशे त्र्याऐंशी सालचं. त्यानंतर दर सफरीला एक गठ्ठा येऊ लागला. खराब पिवळट कागद, आत सगळी काळ्या शाईची चित्रं आणि मुंग्यांसारखी अक्षरं.

शिवलकर ती पुस्तकं वाचत नसत. ती ट्रेस करत. संध्याकाळी मुरुगवाड्यातल्या आपल्या खोलीत बसून, एकेक चौकट. "डोळा पुढे पळतो ओ सर," ते मला म्हणाले होते. "हाताला पळता येत नाय. प्रत्येक रेघेशी थांबावं लागतं. मग ती रेघ आपली ती कशाला आलीय ते सांगते."

मी तेव्हा हायस्कूलात मराठी शिकवत होतो. एम.ए. होतो, स्थानिक साप्ताहिकात पुस्तकांवर सदर लिहीत होतो, आणि आमच्या वाचक मंडळाचा कार्यवाह होतो. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. कोणीतरी एका पुस्तकावर बोलायचं, मग चर्चा. गावात पुस्तकाबद्दल काही विचारायचं झालं तर लोक माझ्याकडे यायचे. मला त्याची सवय झाली होती.

शिवलकरांच्या चोपड्या पाहिल्यावर आपण यावर बोललं पाहिजे असं मी ठरवलं. रत्नागिरीत जपानी चित्रकथेवर पहिलं व्याख्यान. त्यांच्याकडे एक पुस्तक मागितलं. ते द्यायला शिवलकर स्वतः घरी आले आणि दारात म्हणाले, "सर, यात एक गंमत हाय, सांगू काय?"

"नको," मी म्हटलं. "मला माझं वाचू द्या."

"तसं नाय, पण ते जरा..."

"शिवलकर, शनिवारी बोलू की."

ते हसून गेले. मी पुस्तक वाचलं. म्हणजे कुठलंही पुस्तक वाचतात तसं, डावीकडून उघडून. पहिल्याच पानावर एक म्हातारा रिकाम्या किनाऱ्यावर बसलेला. मग तो हळूहळू कमी म्हातारा होतो. होडी घेऊन समुद्रात कोणाला तरी शोधतो. मग तरुण, मग पोरगेला. शेवटी आईच्या कडेवरचं बाळ आणि समोर होडीत बसायला निघालेला बाप. मी थक्क झालो. शनिवारी पाऊण तास बोललो. मृत्यूकडून जन्माकडे जाणारं कथन, पुनर्जन्माची आपली कल्पना आणि जपानी मन, काळाचं चक्र. माडी अगदी शांत. बोलून बसलो तेव्हा टाळ्या झाल्या. सुधाही आली होती.

मग कोणीतरी म्हणालं, "पुस्तक शिवलकरांचं ना? त्यांनीही दोन शब्द सांगावेत."

शिवलकर मागच्या भिंतीशी बसले होते. उठायला तयार नव्हते. लोकांनी आग्रह केला तेव्हा उभे राहिले. "सर बोलले ते फारच छान," म्हणाले. "मला असलं काय सुचणार नाय. फक्त मधी एक पान हाय. बाई चहा ओतते. सरांसारखं बघत गेलो तर आधी कप भरलेला, मग धार, मग कप रिकामा. चहा किटलीत परत जातो. म्हणून मला वाटलं, की ह्ये लोक पुस्तक दुसऱ्या अंगानं उघडत असतील."

एक जण हसला, आणि सगळी माडी हसली. सुधासुद्धा. तिने तोंडावर पदर धरला होता, पण खांदे हलत होते. अब्बासभाई त्या दिवशी नेमके सुट्टीवर आलेले. ते मोठ्याने म्हणाले, "आमची किताब पन हिकडूनच उघडते सर, मला इचारलं असतंत तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिवलकर घरी आले. हात धुवायचंही विसरले. "सर, चुकलंच माझं. लोकांसमोर बोलायला नको होतं. मी त्या दिवशी तेच सांगायला आलेलो." मी म्हटलं, त्यात काय एवढं. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "पण एक सांगू काय? तुमची उलटी गोष्ट जास्त बरी हाय. त्या जपान्याला कोणी सांगितली असती, तर त्यानं तशीच काढली असती."

हे ते मनापासून बोलत होते. चेष्टा करत असते तर मी त्यांचा द्वेष करून मोकळा झालो असतो.

त्यानंतर शनिवारची बैठक हळूहळू त्यांची झाली. कार्यवाह मीच होतो, सूचना मीच लिहायचो, पण लोक यायचे ते शिवलकर काय आणतात ते बघायला. त्यांनी जाड पुठ्ठ्याला मध्ये एक चौकोनी भोक पाडलं होतं. तो पानावर ठेवून ते एका वेळी एकच चौकट दाखवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याचा डोळा पुढे जाऊ नये. गोष्ट सांगायचे नाहीत. नुसतं विचारायचे, "हिच्या हातात काय हाय? मघाशी होतं काय?" आणि माणसं, म्हणजे शिकलेली, वकील आणि शिक्षक माणसं, पुठ्ठ्यावर ओणवी होऊन बघायची.

त्यांना सगळंच आवडत होतं असं नाही. उलट फार कमी आवडायचं. तलवारीच्या मारामारीची पानं ते भराभर उलटायचे. "इथे चित्रकाराला काय सुचत नव्हतं, म्हणून मारामारी." मोठ्या डोळ्यांच्या मुलींवर त्यांचा राग होता. "नाक जवळजवळ काढलंच नाय, म्हणून डोळ्याला एवढी जागा झाली. आणि वाईट माणूस आला की त्याचे डोळे बारीक. हे मला नाय पटत. आमच्या घरात सगळ्यांचेच डोळे बारीक हायत." एका नायकाबद्दल, जो पानंच्या पानं समुद्राकडे बघत उभा असायचा, ते म्हणाले, "वाईट नाय पोरगा. पण ह्याला काय काम हाय काय? होडीला डांबर कोण लावतो? जाळं कोण तुणतो? ह्याची आई. आणि आईला चित्रात तीन चौकटी. मी असतो तर पुस्तक आईवर काढलं असतं."

एक प्रसंग विशेष आठवतो. एका मोठ्या कथेचे अब्बासभाईंनी सात भाग आणले होते. पाचव्या भागातल्या एका पानाशी शिवलकर थांबले आणि म्हणाले, "इथून मालक आजारी हाय."

"म्हणजे?"

"हात बदलला. केस काढताना आधीचा माणूस रेघ खालनं वर न्यायचा, सुटताना बारीक व्हायची. हा वरनं खाली आणतो. चेहरे मालकानंच काढलेत, पण पडून काढल्यासारखे. बाकी सगळं शागिर्द करतोय. आणि गोष्ट पण बघा, इथनं पुढे कोणी काय ठरवतच नाय. सगळी नुसती चालतायत. शागिर्दाला माहीत नाय ना कुठे जायचं ते."

मी त्यावर बराच वाद घातला. छपाईचा फरक असेल, शाई बदलली असेल. मला मनापासून वाटत होतं की हे खोटं ठरावं. चार महिन्यांनी अब्बासभाई परत आले. त्यांनी बोटीवरच्या जपानी आचाऱ्याला विचारलं होतं. त्या आचाऱ्याला ती कथा तोंडपाठ होती. चित्रकार सहा महिने इस्पितळात होता आणि त्याची शागिर्द पोरं काम पुढे रेटत होती, असं तो म्हणाला. अब्बासभाईंनी ही बातमी माडीवर सगळ्यांसमोर सांगितली. शिवलकरांना आनंद झाला नाही. त्यांनी विचारलं, "आता बरा हाय काय तो?"

मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

जयगडचा रविवार त्यानंतरचा. म्हाताऱ्याच्या आणि समुद्राच्या त्या पहिल्या पुस्तकाचा जपान्यांनी सिनेमा केला होता, हलत्या चित्रांचा, आणि अब्बासभाईंना त्याची कॅसेट मिळाली. जपानी कॅसेट आपल्याकडच्या यंत्रावर लागत नसे, चित्र नुसतं वर सरकत राहायचं. पण जयगडला कुवेतहून आलेल्या एकाकडे कुठलीही कॅसेट चालणारा व्ही.सी.आर. होता. तो अब्बासभाईंनी एका दिवसापुरता घरी आणला. आम्ही तिघेचौघे सकाळच्या एस.टी.ने गेलो. जेवण झालं, खिडक्यांना चादरी लावल्या आणि सिनेमा सुरू झाला.

मूळ पुस्तकात एक पान असं होतं: बाप समुद्रावरून परत आलेला नाही. आई जेवायला तीन वाट्या मांडते आणि त्यातली एक परत उचलते. एवढंच. चार चौकटी, एकही अक्षर नाही, आणि आई पाठमोरी. सिनेमात ती जागा आली तेव्हा आई वळली. तिचा चेहरा पडदाभर झाला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ती बराच वेळ काहीतरी बोलली, मागे व्हायोलिन वाजू लागलं. मी डोळे पुसले. खरंच पुसले.

शिवलकर उठून मागच्या दारी गेले. सिनेमा संपल्यावर आम्ही बाहेर आलो तर ते खाडीकडे तोंड करून उभे.

"काय रे दत्तू, आवडला नाय?" अब्बासभाईंनी विचारलं.

"आवडला की. समुद्र असा काढलाय की पाय मागे घ्यावेसे वाटले. होडी लाटेवर चढते, त्याला किती वेळ लागतो ते पुस्तकात कळत नव्हतं, इथे कळलं. ते त्यांचं मानलं." मग म्हणाले, "पण तिला रडवलानी रे. पुस्तकात ती बोलत नाय, नुसती वाटी उचलते. इथे तिच्या तोंडी एवढं बोलणं घातलानी. ती रडत नाय म्हणून आपल्याला रडू येतं. तिनेच रडून घेतलान, मग आपल्याला काय शिल्लक ठेवलान?"

अब्बासभाईंची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "खरां हाय. माणूस बोटीवर गेला की बायको अशी मोठ्यानं रडत नाय."

परतीच्या गाडीत शिवलकर माझ्या शेजारी बसले होते. माझे डोळे पुसलेले त्यांनी पाहिले होते. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आले.

आता मुद्द्यावर येतो.

शहाऐंशी सालच्या सुरुवातीला मुंबईहून एका दिवाळी अंकाचे संपादक रत्नागिरीला आले होते. मोठे गृहस्थ. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं, आणि माझ्या सदराची कात्रणं टेबलावर सहज दिसतील अशी ठेवली. सुधाने मला न विचारता शिवलकरांनाही बोलावलं. जेवणानंतर संपादकांनी एका कात्रणावरून नजर फिरवली, छान आहे म्हणाले, आणि पुढचे दोन तास शिवलकरांच्या पुठ्ठ्यावर ओणवे होते. निघताना म्हणाले, "हे तुम्ही लिहून द्या. आमच्या अंकाला. जसं बोललात अगदी तसंच."

"मला कुठलं लिहायला येतंय?" शिवलकर घाबरून म्हणाले. "पण सर तपासून देतील. काय सर, द्याल ना?"

मी होय म्हटलं.

दोन महिन्यांनी त्यांनी अकरा पानं आणून दिली. फुलस्केप, एका बाजूने, नकाशावर लिहितात तशा सुट्या सरळ अक्षरांत. ते गेल्यावर मी खोलीचं दार लावून ती वाचली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. विरामचिन्हं जवळजवळ नव्हतीच. आणि मी आयुष्यात जे काही लिहिलं होतं त्या सगळ्यापेक्षा ते चांगलं होतं. हे मला दुसऱ्या पानावरच कळलं. अकराव्या पानापर्यंत मी आशा करत राहिलो की कुठेतरी घसरेल.

ती पानं आता माझ्यासमोर आहेत. त्यातला एक तुकडा देतो. चुका मीच आत्ता दुरुस्त केल्या आहेत, बाकी शब्द त्यांचे.

"आईने तीन वाट्या मांडल्या. मग एक उचलली. उचलताना तिचं तोंड चित्रकाराने दाखवलं नाही, पाठ दाखवली. ही पाठ मी सहा वेळा ट्रेस केली. सहाव्या वेळी कळलं की तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा केसभर खाली आहे. बाकी पुस्तकात तिचे दोन्ही खांदे सारखे आहेत. नवरा गेला हे तिला या चौकटीत कळलं. कोणी सांगायला आलं नाही. मलाही कोणी सांगितलं नाही, माझ्या पेनाला कळलं."

आणि मी तपासून दिलेल्या लेखात याच जागी असं होतं: "प्रस्तुत प्रसंगी मातेच्या अंतःकरणातील व्यथा चित्रकाराने अत्यंत सूचकतेने अभिव्यक्त केली असून तिच्या पाठमोऱ्या आकृतीतून विरहभावना प्रकर्षाने प्रत्ययास येते."

वाट्या गेल्या. खांदा गेला. त्या सहा वेळा गेल्या. पेनही गेलं. अकरा पानांत एकही वाक्य मी जिवंत ठेवलं नाही, आणि कुठेही बोट ठेवता येईल अशी एक चूक केली नाही. शाळेत पंधरा वर्षं मुलांचे निबंध मी याच लाल पेनाने सुधारत आलो होतो, पण इतक्या काळजीने कधी नाही. बारीक डोळ्यांचा परिच्छेद मी "विषयाच्या गांभीर्याला बाधक" म्हणून गाळला. तो वाचताना मी हसलो होतो. सिनेमा करणाऱ्या जपान्यांनी आईला रडवलं, ते निदान त्यांना चांगलं वाटलं म्हणून. मी काय करतोय हे मला प्रत्येक ओळीला ठाऊक होतं.

सुवाच्य अक्षरात प्रत करून मी ती शिवलकरांना वाचायला दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मध्ये एकदा थांबले, काहीतरी विचारणार असं वाटलं. मग म्हणाले, "केवढी मेहनत घेतलीत सर. हे माझं वाटतच नाय."

"छापायचं म्हणजे एवढं करावंच लागतं," मी म्हटलं.

संपादकांचं कार्ड शिवलकरांच्या पत्त्यावर आलं. ते मला दाखवायला घेऊन आले. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्या दुपारी तुमच्याकडून जे ऐकलं ते यात कुठे सापडलं नाही, क्षमस्व, असा मजकूर. मी कार्ड दोनदा वाचलं, कारण वर बघायचं नव्हतं.

"बरोबर हाय त्यांचं," शिवलकर म्हणाले. "बोलणं येगळं आणि लिहिणं येगळं. सर, तुमचा वेळ फुकट गेला ओ माझ्यापायी."

सुधा चहा घेऊन आली. त्यांनी तो उभ्यानेच घेतला. त्यानंतरच्या शनिवारी ते आले, पण पुठ्ठा आणला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "सर बोलतील आज." पुढे येणं कमी झालं, मग थांबलं. अब्बासभाई एकदा मला बाजारात भेटले. म्हणाले, "दत्तू चोपड्या घेत नाय आता. म्हणतो आपल्याला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही बोला ना त्याच्याशी, तुमचं ऐकतो तो." मी बोलतो म्हटलं. बोललो नाही. शनिवारची बैठक पुन्हा माझी झाली. पाच-सात माणसं यायची. वर्षभरात तीही बंद पडली.

शिवलकर गेल्याचं मला खूप उशिरा, अब्बासभाईंच्या मुलाकडून कळलं. सुधाही आता नाही. तिला मी हे कधी सांगितलं नाही. शिवलकरांच्या मुलीचा पत्ता गेल्या महिन्यात मिळवला आणि अकरा पानांची प्रत, सोबत मी काय केलं त्याचं पत्र, तिला पाठवलं. मूळ पानं तिने येऊन न्यावीत असं कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. ते येणं न येणं तिच्या मर्जीवर आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एकोणनव्वदच्या मे महिन्यात, एस.टी. स्टँडवर. मी पुस्तकांचं पार्सल सोडवायला गेलो होतो. बाकावर शिवलकर बसले होते, पायाशी पत्र्याची ट्रंक. सावंतवाडीला बदली झाली होती. बायको-मुलगी आधीच पोचल्या होत्या. मला बघून ते लगबगीने उठले आणि बाकावरची जागा हाताने झाडून दिली. गाडीला पंचवीस मिनिटं अवकाश होता.

इकडचं तिकडचं बोललो. वहिनी कशा आहेत, गुडघे कसे आहेत. मग ट्रंकेच्या कडीशी चाळा करत ते म्हणाले, "सर, एक विचारू काय? राग नाय ना येणार?"

"विचारा की."

"ते मी लिहिलेलं होतं बघा. माझ्या अक्षरातलं. असेल काय ओ कुठे? छापायला नाय. मुलगी सातवीत गेली आता. तिला वाटतं बाप नुसता दुसऱ्याच्या रेघा गिरवतो. तिला दाखवलं असतं, की चुकीचं का असेना, पण एकदा मी आपलं असं काहीतरी लिहिलेलं."

ती पानं माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात होती. माझं घर स्टँडपासून चालत सात मिनिटांवर.

"वाळवी लागली हो शिवलकर," मी म्हटलं. "गेल्या पावसाळ्यात. त्या कप्प्यातलं सगळंच गेलं."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "अरेरे. म्हणजे तुमची पुस्तकं पण गेली?"

"हो."

"पुष्कळ गेली काय?"

"बरीच."

"छे छे छे." त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो माझ्या पुस्तकांसाठी उतरला होता. "तुमचं मोठं नुकसान झालं सर. माझं काय, अकरा पानं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा आता. आणि पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवा."

गाडी लागली. मी ट्रंक वर चढवायला हात लावला तर त्यांनी लावू दिला नाही. खिडकीशी जागा मिळाली. मी खाली फलाटाच्या कडेला उभा राहिलो. सावली तिथपर्यंत येत नव्हती. कंडक्टर अजून चहा पीत होता.

शिवलकरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "सर, उन्हात कशाला उभे राहिलात? ही सुटेल तेव्हा सुटेल. घरी जा ना तुम्ही."

मी घरी गेलो. सात मिनिटांत पोचलो. गाडी सुटायला अजून वेळ होता.

"एवढा उशीर? कोण भेटलं?" सुधाने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.